मुंबई सोडून कोल्हापूरला राहायला जावं का? पगार कमी, पण आयुष्य निवांत म्हणतात, ते खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं. मी डोंबिवलीहून आलो. तिकडे लोकलमध्येच रोज तीन तास जायचे, इथे दहा मिनिटांत ऑफिस. संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी, नंतर गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, वर फेसाची मिशी. ही चैन मुंबईत कुठली मिळायला! (वजन चार किलो वाढलं, ते सोडा.)

पण नोकरी हातात नसताना येऊ नका. आयटीचं काम पुण्याच्या मानाने फारच कमी. घरून काम असेल किंवा वकिली असेल तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट 2025 पासून इथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही (मुख्यालयाबाहेर बसणारं खंडपीठ) सुरू झालंय.

आणि घर बघताना आधी एकच विचारा: 2019 आणि 2021 ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं? पंचगंगेकाठचा फ्लॅट स्वस्त दिसला की दलाल हे सांगत नाही. शेजारच्या किराणावाल्याला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवेल.

आधी सहा महिने भाड्याने राहा. तेही पावसाळा धरून.