शिलेखान्यात शिळा नाही

खानापूरच्या एका बाईंनी (शाळेतल्या बाई, म्हणून बाईच म्हणतो) विचारलंय: भाच्यानं न्यूयॉर्कहून तिथल्या एका जुन्या 'आर्मरी'चे फोटो पाठवलेत. शाळेच्या हस्तलिखितात त्यावर चार ओळी द्यायच्या आहेत. 'शस्त्रागार' लिहायला घेतलं, तर सासरे म्हणाले, "आपल्याकडं त्याला शिळेखाना म्हणायचे. शिळेनं बांधलेला म्हणून." कुठला शब्द घ्यावा, आणि मामंजींचं खरं का?

बाई, मामंजींचा शब्द खरा आहे, फोड तेवढी चुकली. शब्द 'शिलेखाना', जुन्या लिखाणात 'सिलेखाना'. अरबीत 'सिलाह' म्हणजे हत्यार, त्याला फारसी 'खाना' जोडला. 'सि'चा 'शि' करायची मराठीची जुनी खोड आहे: सिपाहीचा शिपाई झाला, सिक्क्याचा शिक्का, सिफारिशची शिफारस. तसंच सिलाहचं शिले. पुढं 'शिले' म्हणजे काय ते लोक विसरले, आणि इमारत दगडी दिसली की कानाला ल-च्या जागी ळ ऐकू येऊ लागला. बेळगावच्या किल्ल्याचा दगड बघत वाढलेल्या माणसाला असं वाटलं तर नवल नाही. पण शिलेखाना कुडाचा असला तरी शिलेखानाच. जयपूरच्या राजवाड्यात शस्त्रं ठेवलेल्या दालनाला आजही 'सिलेहखाना' म्हणतात.

याच घरातला दुसरा शब्द आपण रोज वाचतो: शिलेदार. मूळ 'सिलाहदार', हत्यार बाळगणारा. मराठी फौजेत त्याला नेमका अर्थ आला. स्वतःचं घोडं आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हल्ली निवडणुका आल्या की प्रत्येक पुढाऱ्याला वर्तमानपत्रं डझनभर शिलेदार बहाल करतात. त्यांच्याकडं घोडं नसतं आणि हत्यारही नसतं, गाडीसुद्धा बहुतेक वेळा साहेबांचीच. म्हणजे खरं तर ते बारगीर. पण बारगीर म्हटलेलं कुणाला आवडायचं नाही.

शिलेखाना आणि दारूखाना मात्र एक समजू नका. शिलेखान्यात तलवारी, भाले, बंदुका. दारूखान्यात बंदुकीची दारू, आणि ती वस्तीपासून लांब, कारण ठिणगी पडली तर शेजारही जायचा. मुंबईत रे रोडजवळ जुनी जहाजं तोडतात त्या भागाला अजून दारूखाना म्हणतात. नवख्या माणसाला तिथं गुत्ते असतील असं वाटतं.

'दारू'वरून आठवलं, आणि इथं आपण सीमेवरचे लोक नशीबवान. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे, नाहीतर आजाऱ्याची 'दवादारू केली' म्हटल्यावर लोक हसले असते. औषधाची पूड ती दारू, म्हणून बंदुकीची पूडही दारू. आता कन्नड बघा: 'मद्दु' म्हणजे औषध, आणि 'मद्दुगुंडु' म्हणजे दारूगोळा! शब्द वेगळा, घराणं वेगळं, वाट मात्र तीच. चिनी भाषेतसुद्धा बंदुकीच्या दारूला 'आगीचं औषध' म्हणतात. तुमच्या वर्गात कन्नड बोलणारी पोरं असतील तर त्यांनाच विचारा, पटकन सांगतील.

आता 'शस्त्रागार'. शुद्ध आहे, कन्नडातही तोच चालतो, पाटीवर शोभतो. पण बोलताना कुणी म्हणत नाही. आपल्या भागात घरटी कोण ना कोण मराठा पलटणीत. बेळगावात त्यांचं केंद्रच आहे. त्यांच्या तोंडी शब्द असतो 'कोत'. रायफल कोतातून काढायची, साफ करून कोतात जमा करायची. रिटायर झालेल्या कुठल्याही हवालदाराला 'शस्त्रागार' म्हणून बघा, आधी तुमच्याकडं पाहील, मग म्हणेल, "कोत होय!"

पण तुमच्या भाच्याच्या फोटोतली इमारत यातल्या एकाही शब्दात पुरती मावत नाही. अमेरिकेत 1877 साली रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला, दंगे झाले, आणि त्यानंतर शहराशहरांत स्वयंसेवकांच्या पलटणींसाठी अशा आर्मऱ्या उभ्या राहिल्या. बाहेरून किल्ल्यासारखे बुरूज, आत हत्यारांच्या खोल्या, पलटणीच्या बैठकी, आणि मधोमध कवायतीसाठी भलंमोठं सभागृह, रेल्वे स्टेशनाच्या छपरासारख्या लोखंडी कमानींचं. म्हणजे हत्यारं ठेवणं हे तिचं एक काम झालं, सराव हे दुसरं. पुढं एवढं मोठं छप्पर रिकामं कशाला ठेवायचं म्हणून तिथं खेळ, मेळे, प्रदर्शनं भरू लागली. 69व्या पलटणीच्या न्यूयॉर्कमधल्या आर्मरीत 1913 साली आधुनिक चित्रकलेचं प्रदर्शन भरलं. ते इतकं गाजलं की त्याला 'आर्मरी शो' हेच नाव पडलं. हत्यारांच्या घराचं नाव चित्रांना मिळालं!

या सरावाच्या अंगाला आपल्याकडं शब्द आहे. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत तोफखाना, दारूखाना यांच्या जोडीला 'तालीमखाना' होता. त्यातली 'तालीम' गल्लीत टिकली, तांबड्या मातीची, लंगोटाची. कोल्हापुरात तर तालीम मंडळांचे फुटबॉल संघ आहेत, पाटाकडील, दिलबहार. कुस्तीच्या आखाड्याचं नाव घेऊन पोरं फुटबॉल खेळतात. न्यूयॉर्कच्या आर्मरीत पळण्याच्या शर्यती होतात त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा मी असं करीन: इमारतीच्या नावात 'आर्मरी' तसंच ठेवीन, ते विशेषनाम आहे. खाली एकदाच लिहीन, 'म्हणजे पलटणीचा शिलेखाना आणि तालीमखाना एका छपराखाली'. 'न्यूयॉर्क शहराचं शस्त्रागार' असं नको, शहराच्या मालकीची हत्यारं असल्यासारखं वाटतं. शिवाय 'आगार' म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढं एसटी उभी राहते.

आणि मामंजींना सांगताना आधी शब्द बरोबर होता ते सांगा. ळ-चं नंतर, चहा झाल्यावर.