विंडोज १० सोडताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विंडोज १० या प्रणालीचा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांमध्ये विंडोज ११ खेरीज दुसरा विषय क्वचितच असतो. बहुतेक पत्रे अपग्रेड करून झाल्यावर लिहिलेली आहेत. ती एकापाठोपाठ एक वाचताना लक्षात येते की नव्या प्रणालीचे दोष त्यांत थोडेच आहेत. आपल्या जुन्या संगणकात कोणी, केव्हा आणि कशा रीतीने काय बसवून ठेवले आहे हे मालकालाच ठाऊक नसणे, हे बहुतेक अडचणींचे मूळ आहे. पुढील प्रश्न निवडताना तोच धागा धरला आहे.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी असून डोंबिवलीस राहतो. २०१९ साली जुळवून घेतलेल्या माझ्या संगणकात नवव्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे, तरीही तो विंडोज ११ साठी पात्र नसल्याचा संदेश येतो. नवा संगणक घ्यावा लागेल काय?

उत्तर : बहुधा नाही. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढे पात्र ठरतात, तेव्हा आपली अडचण दुसरीकडे असावी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना केवळ विश्वासार्ह प्रणालीच चालू देणारी व्यवस्था) या दोन गोष्टी लागतात. आपल्या पिढीच्या प्रोसेसरसोबत टीपीएमची सोय सहसा असते, परंतु जुळवलेल्या संगणकांत ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर तिचे नाव ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ असे आढळते. ती सुरू करणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

सिक्युअर बूटचे प्रकरण मात्र नाजूक आहे. पूर्वी दुकानात ‘विंडोज मारून’ देताना अनेकदा जुन्या बायोस पद्धतीने ती बसवत असत आणि डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची ठेवत असत. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीपुढे ‘लेगसी’ असे दिसले, तर आपला संगणकही त्यातलाच समजावा. अशा वेळी आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलून घ्यावी लागते आणि मगच बायोसमधील सीएसएम (जुनी बायोस पद्धत चालू ठेवणारी सोय) बंद करून सिक्युअर बूट सुरू करता येते. हा क्रम उलटा झाला तर संगणक सुरूच होत नाही. तसे झाल्यास घाबरू नये, सीएसएम पुन्हा सुरू करताच गाडी रुळावर येते.

मांडणी बदलण्यासाठी ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन विंडोज १० मध्येच दिलेले आहे आणि ते माहिती न पुसता काम करते. मात्र डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग असतील किंवा एखादा विस्तारित विभाग असेल, तर ते काम करण्यास नकार देते. सी, डी, ई, एफ असे चार-चार ड्राइव्ह पाडून देण्याची आपल्याकडील दुकानांची जुनी सवय येथे आडवी येते. तसे असेल तर सर्व माहिती बाहेरच्या डिस्कवर काढून नव्यानेच विंडोज बसवावी. ‘माझे सगळे डी ड्राइव्हमध्ये सुरक्षित आहे’ असे कृपया म्हणू नये. सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या आहेत आणि घर पडले तर दोन्ही पडतात.

प्रश्न : लातूर येथे आमचे छोटे मुद्रणालय आहे. अक्षरजुळणीचा आमचा प्रोग्रॅम जवळपास वीस वर्षांपूर्वीचा असून तो प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावायच्या लॉकवर (जे उपकरण लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नाही त्यावर) चालतो. संगणकात ३२-बिट विंडोज १० आहे. लग्नपत्रिका, अहवाल आणि एका दिवाळी अंकाचा अनेक वर्षांचा मजकूर त्यात आहे. अपग्रेड करावे का?

उत्तर : त्या संगणकावर करू नये, आणि हे मी पूर्ण विचारांती सांगतो आहे. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात मिळते, आणि ३२-बिट विंडोजवरून ६४-बिटवर थेट अपग्रेड होत नाही. सर्व पुसून नव्याने सुरुवात करावी लागते. त्यातही १६-बिट काळातील प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर मुळीच चालत नाहीत, आणि प्रोग्रॅम स्वतः ३२-बिटचा असला तरी त्या काळी कित्येकदा त्याचा इन्स्टॉलर १६-बिटचाच असे. लॉकचे दुखणे आणखी वेगळे आहे. लॉकला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण ओळखवणारा प्रोग्रॅम, लागतो, तो ६४-बिटचाच असावा लागतो, आणि कंपनीने तो काढला नसेल तर लॉक ही नुसती प्लास्टिकची डबी उरते. आभासी संगणकात (नव्या संगणकातच प्रोग्रॅमद्वारे चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात) जुनी विंडोज चालवण्याचा मार्ग काही जण सुचवतात. यूएसबी लॉकच्या बाबतीत तो कधीकधी साधतो, पण जुन्या पोर्टच्या लॉकसाठी मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

माझा सल्ला असा की जुना संगणक आहे तसा ठेवावा, त्याची इंटरनेटची जोडणी काढून टाकावी, आणि त्याच्या संपूर्ण डिस्कची एक प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवावी. जुनी कामे तेथेच उघडून, त्यांची पीडीएफ करून पेनड्राइव्हने बाहेर न्यावीत. नवी कामे मात्र नव्या संगणकावर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेतांक असलेल्या पद्धतीत, सुरू करावीत, कारण खरा गुंता विंडोजचा नसून मजकुराच्या साठवणीचा आहे. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, आणि कोणते अक्षर कोणत्या जागी हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवले होते. तो फॉन्ट नाहीसा झाला की अंकाचा सगळा मजकूर म्हणजे निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांग उरते.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात, परंतु आपल्या नेमक्या फॉन्टसाठी तयार केलेलाच परिवर्तक निवडावा आणि त्यानंतर मुद्रितशोधन अटळ समजावे. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराची जागाही अशीच बदलते. परिवर्तकाची खरी परीक्षा ‘ऱ्य’ने होते. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला आणि ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ झाले, तर शब्द शुद्धच दिसतो, शुद्धलेखन-तपासनीस तो पकडत नाही, आणि स्वयंपाकी गुरुजी होऊन बसतो. अंकाचे एकच पान आधी परिवर्तित करून, नेमके हे शब्द शोधून पाहावेत आणि मगच पुढे जावे.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका आहे. नव्याने विंडोज ११ बसवल्यावर माझ्या प्रश्नपत्रिकांची मांडणी बिघडली. अक्षरे वेगळी दिसतात आणि दोन पानांचा मजकूर तीन पानांवर जातो. शिवाय मराठी टंकलेखनाचे साधनही गेले.

उत्तर : आपल्या प्रश्नपत्रिका मंगल, कोकिळा किंवा अपराजिता या फॉन्टमध्ये असाव्यात. हे फॉन्ट एकेकाळी विंडोजसोबतच येत. विंडोज १० पासून ते ऐच्छिक झाले आहेत, आणि कोरी प्रणाली बसवली की त्यांच्या जागी निर्मला यूआय हा फॉन्ट वापरला जातो. त्याच्या अक्षरांची रुंदी वेगळी असल्यामुळे ओळी घसरतात. सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्यावेत, म्हणजे प्रश्नपत्रिका पूर्ववत होतील.

टंकलेखनासाठी ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये मराठी भाषा जोडावी. इनस्क्रिप्ट कळफलक तर विंडोजमध्ये आहेच, आणि २०१९ पासून इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे टाइप करण्याचा ‘मराठी फोनेटिक’ कळफलकही आहे. गूगलने आपले विंडोजसाठीचे इनपुट टूल बंद केल्याला बराच काळ झाला. त्याचे इन्स्टॉलर इकडूनतिकडून उतरवून घेऊ नयेत.

प्रश्न : मी नाशिक येथे कर सल्लागार आहे. कार्यालयातील तीन संगणकांपैकी दोन विंडोज ११ प्रोवर नेले. तेव्हापासून तिसऱ्या, जुन्या संगणकावरचे सामायिक फोल्डर या दोघांवर उघडत नाही, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (यूएसबीला लावायचे छोटे उपकरण) ओळखले जात नाही, आणि एका लॅपटॉपमध्ये बायोस अद्ययावत केल्यावर निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. मागे फिरता येईल का?

उत्तर : शेवटच्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण तीच गंभीर आहे. त्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सुविधेने, कूटबद्ध झालेली आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने प्रणाली बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की बहुतेक संगणकांत हे आपोआप घडते, आणि वापरकर्त्याला त्याचा पत्ताही नसतो. बायोस बदलला की टीपीएमला संगणक ओळखीचा वाटेनासा होतो आणि तो किल्ली मागतो. किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. दुसऱ्या संगणकावरून त्या खात्यात जाऊन, निळ्या पडद्यावरील ओळख-क्रमांकाशी जुळणारी किल्ली शोधावी. येथे नेहमीचा घोटाळा असा असतो की लॅपटॉप दुकानदाराने किंवा कार्यालयातील एखाद्या माजी सहकाऱ्याने स्वतःच्या खात्याने सुरू करून दिलेला असतो, आणि किल्ली त्या माणसाच्या खात्यात पडून असते. त्याला आजच दूरध्वनी करावा. किल्ली कोठेच मिळाली नाही तर त्या डिस्कवरील माहिती कोणीही, मायक्रोसॉफ्टसुद्धा, परत देऊ शकत नाही. उरलेल्या संगणकांच्या किल्ल्या कागदावर छापून अशिलांच्या कागदपत्रांइतक्याच जपून ठेवाव्यात, आणि यापुढे बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते थांबवावे.

सामायिक फोल्डर न उघडण्याचे कारण असे, की २४एच२ पासून विंडोज ११ प्रो पासवर्डविना ‘पाहुणा’ म्हणून जोडणी करू देत नाही आणि प्रत्येक जोडणीवर सुरक्षा-सही मागते. हे बंधन उठवण्याच्या युक्त्या सर्वत्र फिरत आहेत. ज्यांच्याकडे इतरांचे पॅन आणि आधार क्रमांक आहेत त्यांनी त्या वापरू नयेत. जुन्या संगणकावर पासवर्ड असलेले एक खाते तयार करून, त्या खात्याला फोल्डरची परवानगी द्यावी आणि नव्या संगणकांवर तेच नाव व पासवर्ड एकदा भरावा.

टोकनची चिंता नको. स्वाक्षरीची खासगी किल्ली टोकनच्या आतच राहते, ती संगणकात कधीच नव्हती. टोकन बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर बसवावा. तरीही ओळखले गेले नाही, तर ‘विंडोज सिक्युरिटी’तील ‘कोअर आयसोलेशन’ या पानावर जुना ड्रायव्हर विसंगत म्हणून अडवलेला दिसतो का ते पाहावे, आणि असल्यास तो जुना ड्रायव्हर काढून टाकावा.

जुन्या विंडोजवरूनच अपग्रेड केले असेल तर मागे फिरण्यासाठी दहा दिवसांची मुदत असते. नंतर जुन्या विंडोजचे फोल्डर पुसले जाते. मुदत संपण्यापूर्वी आज्ञा देऊन ती साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. परंतु पाठिंबा संपलेल्या प्रणालीकडे परतण्याचे आपल्याला कारण दिसत नाही. आपल्या तिन्ही अडचणी पुढेच सुटतात.

प्रश्न : माझा २०१५ चा लॅपटॉप पाचव्या पिढीच्या प्रोसेसरचा, ४ जीबी रॅमचा आहे. दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारून अकरा टाकून देतो, चालते.’ खरे आहे का?

उत्तर : चालते हे खरे आहे. पात्रतेची तपासणी टाळून विंडोज ११ बसवता येते, पण अशा संगणकांना अद्यतने मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीच्या नव्या आवृत्तीसाठी पुन्हा तीच युक्ती करावी लागते. फिरत्या हार्ड डिस्कवर आणि ४ जीबीत विंडोज ११ इतके रखडते की वापरणाऱ्याचा धीर आधी संपतो. दुकानदाराने सोबत ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ (परवान्याविना विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) टाकून देण्याची तयारी दाखवली, तर स्पष्ट नकार द्यावा. त्या लॅपटॉपवरून आपण बँकेचे व्यवहार करता.

घाई नसेल तर विंडोज १० साठीच वाढीव सुरक्षा अद्यतनांची योजना आहे. २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते असल्यास सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’मध्ये नोंदणी करता येते; सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर शुल्क लागत नाही, आणि घरगुती वापरकर्त्यांना ही अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. दरम्यान एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून रॅम ८ जीबी करावी. हा खर्च वाया जात नाही, कारण त्यानंतर त्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली) उत्तम चालते. पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, ते आधी चालवून पाहता येते. ब्राउझर, मराठी टंकलेखन आणि वर्डच्या फाइल उघडणारे लिबरऑफिस त्यात आहे. टॅलीसारखे विंडोजसाठीचे प्रोग्रॅम मात्र त्यावर सरळ चालत नाहीत. आपल्याला ते लागत असतील तर हा मार्ग सोडावा.

प्रश्न : अपग्रेडनंतर डेस्कटॉपवरच्या सर्व फाइल नाहीशा झाल्या आहेत, आणि ‘जागा भरली’ असा संदेश येतो.

उत्तर : फाइल बहुधा वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीशी जोडलेल्या, फोल्डरमध्ये गेल्या आहेत. सुरुवातीच्या पडद्यांवर ‘पुढे, पुढे’ करताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप सुरू झाला असावा, आणि मोफत जागा केवळ ५ जीबी असल्याने ती भरली. आधी वनड्राइव्हच्या फोल्डरमधील ‘डेस्कटॉप’ उघडून सर्व फाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून बॅकअप थांबवावा आणि फाइल मूळ जागी आणाव्यात. प्रत घेण्याआधी वनड्राइव्हमधून काहीही पुसू नये, कारण तेथे पुसलेली फाइल संगणकावरूनही जाते.

प्रश्न : टास्कबार पूर्वीसारखी पडद्याच्या डाव्या कडेला उभी कशी करावी?

उत्तर : विंडोज ११ मध्ये ती सोय काढून टाकलेली आहे. ‘टास्कबार बिहेविअर्स’मधून स्टार्टचे बटण मध्यावरून डाव्या कोपऱ्यात नेता येते, टास्कबार मात्र खालीच राहते. उजव्या क्लिकचा जुना, पूर्ण मेन्यू हवा असल्यास शिफ्ट दाबून क्लिक करावे.