बेळगावात समुद्र नाही, म्हणून काय झालं?

खानापूरच्या पोरानं सागरी पुरातत्त्व शिकायचं म्हटलं की घरचे हसणारच, माझेही हसले. पण चोर्ला घाट उतरलास की गोवा, नि दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. डायव्हिंग शिकशीलच, पण क्युरेटरचं, म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू जपणाऱ्याचं, खरं काम वस्तू वर आल्यावर सुरू होतं. पाण्यात मुरलेलं लाकूड कधी उघड्यावर वाळवू नकोस. आतलं पाणी उडालं की ते आक्रसतं, तडकतं. स्वीडनचं ‘वासा’ जहाज १९६१ साली वर काढलं, त्यावर पुढं १७ वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉल फवारलं, म्हणजे लाकडात पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन. समुद्रात लोखंडात मुरलेलं मीठ काढायलाही महिनोन्‌महिने लागतात. मी एकदा घाईत जुना खिळा तसाच कपाटात ठेवला. पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटले. आणि कन्नड शीक, बाबा. इथल्या सरकारी दप्तरात त्याशिवाय पान हलत नाही.