शाळेच्या निसर्गबागेत कोणती झाडं लावावीत?

तुम्ही विचारलंय की जैवविविधता पण दिसेल आणि मुलांच्या घरच्या वेगवेगळ्या संस्कृती पण, अशी बाग शाळेत करायचीय, तर झाडं कोणती आणि जागा किती. जागेचं सोडा हो, भिंतीलगतची 2 हात पट्टी पण पुरते. झाडांवरून मात्र माझं एका सहकारी बाईंशी वाजलंय ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

कोपऱ्यात रुई आपोआप उगवली होती. मी राहू दिली, कारण प्लेन टायगर फुलपाखरू अंडी रुईच्या कुळातल्या झाडांवरच घालतं. नुसती मधाची फुलं लावली की फुलपाखरं येतात, पिऊन जातात, संपलं. तर अळ्या झाल्या, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, आणि पोरं मधल्या सुट्टीत तिथून हलेनात. मी म्हटलं ही रुई, तर एक पोरगा म्हणाला सर चुकताय, हे जिल्लेडु. दुसरी म्हणाली दोघंही चूक, हा आक. तिसऱ्याचं एक्क. जोरदार भांडण झालं, शेवटी पुठ्ठ्यावर चारही नावं लिहून झाडाशेजारी लावली. तुमचा संस्कृतीवाला प्रश्न माझ्या मते इथेच सुटतो, त्यासाठी भिंतीवर झेंडे आणि पोशाख रंगवू नका, कुणी बघत नाही.

आठवडाभरात बाईंनी रुई उपटली. पाहुणे येणार होते, आणि पानं सगळी खाल्लेली, कसं दिसतं म्हणे! त्या जागी झेंडूची रांग, का तर 'आपलं फूल'. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा आहे हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, जरा मोठ्यानेच. संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक विविधतेचा दिवस 21 मे ठेवलाय आणि जैवविविधतेचा लगेच 22 मे, म्हणजे या दोन गोष्टी शेजारी नांदतात हे तिकडे कळलं, आमच्या स्टाफरूममध्ये नाही.

तर फवारणी बंद, पानं कुरतडलेली दिसलीच पाहिजेत, आणि थोडी माती उघडी ठेवा, सगळीकडे फरशा घालू नका, कारण बहुतेक जातीच्या मधमाश्या पोळं करत नाहीत, एकेकट्या राहतात आणि जमिनीत बीळ करतात. झाडांची नावं मुलांना घरून विचारून आणायला सांगा.

झेंडूशी माझं वैर नाही हां, असू दे की एका कडेला. आणि रुईचा चीक विषारी असतो, डोळ्यात गेला तर फार वाईट, त्यामुळे लहान वर्ग असतील तर रुई नकोच, लिंबू लावा, त्यावर पण अळ्या येतात. बाईंनी तेव्हा चिकाचं कारण दिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्यांनी पाहुण्यांचं दिलं.