ऑनलाइन लिलावात बोली सुरू करायची कितीपासून?

तुमचा प्रश्न असा आहे: आजोबांच्या पेटीत साठ-सत्तर जुनी नाणी सापडली. तुम्ही ती एका लिलावाच्या साइटवर आणि फेसबुकच्या दोन ग्रुपवर टाकली, एक सोडून प्रत्येकाची बोली १००० रुपयांपासून, त्या एकाची १०,००० पासून. दोन आठवडे झाले, एकही बोली नाही. आता कोणीतरी सांगतंय की सगळी १ रुपयापासून सुरू कर, गर्दी होईल. तसं करावं का, आणि नुकसान झालं तर?

मी पुण्यात बारा-तेरा वर्षं नाणी, स्टॅम्प पेपर आणि जुनी पोस्टकार्डं विकतोय. eBay (ईबे) ही ऑनलाइन लिलावाची साइट आपल्याकडे चालू होती तेव्हा तिथे, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ‘ईबे’चं भारतातलं दुकान बंद झाल्यापासून व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकच्या ग्रुपवर आणि लिलावाच्या साइटवर. अनुभवावरून सांगतो. सगळ्यांना १००० लावणं चूक होतं, आणि सगळ्यांना १ रुपया लावणं ही तितकीच मोठी चूक ठरेल. सुरुवातीची बोली ठरवण्याआधी प्रत्येक नाण्यामागे एकच हिशोब करायचा असतो: हे नाणं खरंच हवं असलेली माणसं किती, आणि त्यातली किती जणं त्या दिवशी मोबाइल हातात घेऊन बसलेली असतील?

कारण लिलावात किंमत पहिला माणूस ठरवत नाही, दुसरा ठरवतो. तुमच्या नाण्यासाठी एकाची तयारी ५००० ची आहे आणि दुसऱ्याची १२०० ची, तर ते नाणं १२०० च्या थोडं वर जातं. वरचे पावणेचार हजार तुम्हाला कधी दिसतच नाहीत. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये हे गणित मांडलं. त्याला त्यासाठी १९९६ चं नोबेल मिळालं आणि घोषणेनंतर तीनच दिवसांत तो वारला. ‘ईबे’वर तुम्ही आपली कमाल रक्कम आत टाकून ठेवता आणि यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत नेते, ती पद्धत याच विचाराच्या जवळची आहे. पुढे जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवलं की काही साध्या गृहीतकांखाली एक जास्तीचा खरा गिऱ्हाईक मिळवणं हे अगदी अचूक राखीव किंमत (जिच्याखाली विकायचंच नाही ती) शोधून काढण्यापेक्षा फायद्याचं पडतं. माझ्या मते विकणाऱ्याने हे एवढं पक्कं डोक्यात ठेवलं तरी निम्मं काम झालं. तुमची सुरुवातीची बोली म्हणजे नाण्याची किंमत नव्हे, तो दुकानाचा उंबरठा आहे. उंबरठा एवढाच उंच ठेवायचा की दुसरा माणूस आत येईल.

आता तुमची पेटी घेऊ. तुम्ही टाकलेल्या फोटोंत मला तीन प्रकार दिसले.

पहिला, राणी व्हिक्टोरियाचे चांदीचे रुपये. असं एक नाणं ११.६६ ग्रॅमचं असतं आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने याला गुणा, तो त्या नाण्याचा तळ. झिजलेलं असेल तर वजन करूनच गुणा. या तळाखाली ते सहसा जात नाही, कारण वर्षाचं किंवा टांकसाळीचं कोणाला काही पडलेलं नसलं तरी चांदी म्हणून घेणारे दोन-चार जण कुठल्याही ग्रुपवर असतात. म्हणून हे रुपये बिनधास्त १ रुपयापासून सुरू करा. इथे कमी सुरुवातीत जोखीम जवळजवळ नाही आणि गर्दी फुकट मिळते. एखाद्याचं साल दुर्मीळ निघालं तर ती गर्दीच त्याला वर नेते. मात्र एक सावधगिरी: पेटीत १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया निघाला तर तो या ढिगात टाकू नका. तो दुर्मीळ आहे, त्याच्या नकलाही भरपूर आहेत. आधी जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा.

दुसरा, तांब्याच्या शिवराया. शिवाजी महाराजांच्या काळातली, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेली शिवराई सगळ्यांच्या मनात असते. पण घरोघरच्या पेट्यांत सापडतात त्यातल्या बहुतेक नंतरच्या, पेशवाईच्या उत्तरकाळातल्या दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघा असलेल्या, असतात. अशा २५ दुदांडी शिवरायांचा एक लॉट मी एकदा २००० पासून लावला होता. माझ्या हिशोबाने ती रास्त किंमत होती. आठवडाभर लोक बघून गेले, एकानेही आकडा टाकला नाही. पुढच्या आठवड्यात तोच लॉट, तेच फोटो, सुरुवात १०० रुपये. संध्याकाळी साडेसातला टाकला आणि जेवण होईपर्यंत सहा बोल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दोघेच उरले, एक साताऱ्याचा आणि एक नाशिकचा, आणि लॉट २३५० ला सुटला. २००० ला ज्यांनी हात लावला नव्हता, त्यातलाच एक २३०० पर्यंत आला होता. ते मला त्याच्या नावावरून कळलं, म्हणून इतकं खात्रीने सांगतो.

हे का होतं? एक तर १०० रुपयांना बोली लावायला विचार लागत नाही. आणि एकदा आपलं नाव वर झळकलं की ती वस्तू अर्धी आपली वाटायला लागते. मग कोणी वर गेलं की ‘आपली’ वस्तू जातेय असं वाटून माणूस पुन्हा येतो. शिवाय बोल्यांची संख्या बघून इतर लोक येतात, जशी गर्दी असलेल्या वडापावच्या गाडीवर आणखी गर्दी होते. गिलियन कू, अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि कीथ मर्निघन या संशोधकांनी २००६ मध्ये यावर लिहिलं होतं. वाटाघाटीत पहिला आकडा मोठा टाकला तर सौदा वर सुटतो, लिलावात मात्र कमी सुरुवात शेवटी जास्त किमतीला नेऊ शकते, असं त्यांना आढळलं. जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत, रविवारी पाल टाकून बसणारा नाणीवाला तुमचा चेहरा बघून पहिला आकडा तिप्पट सांगतो, आणि तिथे ते बरोबरच असतं, कारण समोर एकच माणूस असतो. लिलावात तीच सवय घेऊन आलात की बोली लावणाराच येत नाही.

पण त्या तिघा संशोधकांच्याच म्हणण्यातली अट नीट लक्षात घ्या: कमी सुरुवातीचा फायदा गर्दी येत असेल तरच. गर्दी अडली की फायदा उलटतो. हे मी पैसे घालवून शिकलो. माझ्याकडे भोर संस्थानचा कोर्ट फीचा एक स्टॅम्प पेपर होता, वरचा ठसा स्वच्छ, कागद कुठे फाटलेला नाही. असले कागद जमवणारे माझ्या ओळखीत आठ-दहाच लोक. मी शिवरायांच्या यशाच्या भरात तो ५० रुपयांपासून लावला आणि मुदत संपायची वेळ ठेवली रात्री दहा. तो दिवस अनंत चतुर्दशीचा होता. सगळं पुणे मिरवणुकीत. एकाच माणसाने ५० लिहिलं आणि कागद ५० ला गेला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका संग्राहकाचा फोन आला, ‘मी १५०० दिले असते हो, मी लक्ष्मी रोडवर होतो.’ ग्रुपचा नियम नियम असतो, मी ५० लाच पाठवला. पहिला माणूस होता, दुसरा नव्हता.

म्हणून अशा वस्तूंना, ज्यांचे गिऱ्हाईक बोटांवर मोजण्याइतके आहेत, सुरुवात तिथेच ठेवा जिथे ती एकाच बोलीत गेली तरी तुम्हाला रात्री झोप लागेल. आणि ती उघड ठेवा. ‘सुरुवात १०, पण गुप्त राखीव किंमत पूर्ण झाली तरच विकणार’ हा प्रकार करू नका. रमा काटकर आणि डेव्हिड रायली यांनी ‘ईबे’वर पोकेमॉन कार्डांच्या ५० जोड्या लावून हे तपासलं होतं: जोडीतल्या एका कार्डाला उघड किमान किंमत, दुसऱ्याला तेवढीच पण लपवलेली. लपवलेली कमी विकली गेली, आणि गंभीर खरेदीदार त्यांच्याकडे फिरकलेच कमी. आपल्या ग्रुपवरही हेच दिसतं. ‘राखीव किंमत झाली नाही’ असं दोनदा ऐकलं की लोक तुमच्या पोस्टवर थांबतच नाहीत.

तिसरा प्रकार म्हणजे वैष्णोदेवीचं २०१२ चं ५ रुपयांचं नाणं, ज्यासाठी तुम्ही १०,००० लिहिलेत. मनापासून सांगतो, ते मागे घ्या. ती नाणी चलनातली आहेत, अनेकांच्या गल्ल्यात पडून आहेत. ‘हे नाणं असेल तर लखपती व्हा’ छापाच्या बातम्या आणि व्हिडिओ बघून माणसं फोन करतात, मग समोरचा ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ मागतो. रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला की तिचं नाव वापरून जुनी नाणी-नोटा विकून देण्याच्या नावाखाली लोकांकडून असे पैसे मागितले जातात, बँकेचा त्याच्याशी संबंध नाही. तुमचे दहा हजार लिहिलेले बघून ग्रुपमधले जाणकार तुमची बाकीची चांगली नाणीही बघत नाहीत, हे नुकसान मोठं आहे.

पोस्टेज वेगळं लावायचं की आत धरायचं? तनजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी ‘ईबे’वर सीडी आणि गेम विकून बघितले. एकीकडे सुरुवात ४ डॉलर, पोस्टेज शून्य. दुसरीकडे सुरुवात १ सेंट, पोस्टेज ३.९९. एकूण तेच, तरी दुसऱ्याला जास्त बोल्या आल्या. पण पोस्टेज अवाच्या सवा झालं की तो फायदा विरला. मी स्पीड पोस्टचा खरा खर्च तेवढाच लिहितो आणि तीन लॉट घेतले तर एकाच पाकिटात. त्यामुळे एका लॉटसाठी आलेला माणूस बाकीचेही चाळतो.

वेळेबद्दल: अ‍ॅल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स यांनी जुन्या काळचे ‘ईबे’ आणि ‘अ‍ॅमेझॉन’चे लिलाव ताडून बघितले होते. ‘ईबे’वर घड्याळ ठरल्या सेकंदाला बंद व्हायचं, म्हणून लोक अगदी शेवटी झडप घालायचे. ‘अ‍ॅमेझॉन’वर शेवटी बोली आली की मुदत दहा मिनिटं वाढायची, तिथे हे फारच कमी. ग्रुपवर तुमचा लिलाव असेल तर पहिल्याच ओळीत लिहा: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर पाच मिनिटं वाढ. मुदत रविवारी रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास संपवा. सणाच्या रात्री आणि क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी मुळीच नाही. बोलीची वाढ ५०० पर्यंत १० रुपयांची, पुढे ५० ची पुरे. सुरुवातीपासूनच शंभराची वाढ ठेवली की दुसरा माणूस लवकर गळतो.

चुलतभावाला किंवा मित्राला बोली वाढवायला बसवू नका. हे लबाडीचं काम आहे, आणि नाण्यांच्या ग्रुपमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा कळलं की तुमच्या नावावर कायमचा शिक्का.

आणखी एक गोष्ट, गिऱ्हाईक मोजताना. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. व्हिक्टोरियाचे रुपये आणि शिवराया दोन्ही त्यात बसतात. कोणी परदेशातून कितीही मोठा आकडा लिहिला तरी त्याला सरळ नाही म्हणा.

नाणी चिंचेने, राखेने किंवा टूथपेस्टने घासू नका. वरचा काळपटपणा गेला की जाणकाराच्या लेखी निम्मी किंमत गेली. खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि एक फोटो वजनकाट्यावरचा, आकडा वाचता येईल असा. हा तिसरा फोटो बघून दूरच्या गावातला अनोळखी माणूसही बोली लावतो, म्हणजे तोच तुमचा दुसरा माणूस.

तर या रविवारी पाच व्हिक्टोरिया रुपये घ्या, वजनासकट फोटो, सुरुवात १ रुपया, पोस्टेज वेगळं लिहून. शिवराया वीस-पंचविसाच्या लॉटमध्ये १०० पासून. आधी त्या शिवरायांवरची अक्षरं कमेंटमध्ये दाखवा. तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या फोटोत उजवीकडची एक मला दुदांडी वाटत नाही. तिच्या दुसऱ्या बाजूचा फोटो टाकेपर्यंत ती लॉटमध्ये घालू नका.