घरच्या स्प्रे पेंटिंगला २४ लिटरचा कॉम्प्रेसर पुरेल का?

प्रश्न: दोन-चार खुर्च्या, एक टेबल आणि एक लोखंडी कपाट घरीच स्प्रे करायचं आहे. बजेट कमी आहे. १ एचपीचा २४ लिटरचा कॉम्प्रेसर घ्यावा की थोडे पैसे आणखी घालून ५० लिटरचा?

उत्तर:

चोवीस की पन्नास विचारलंत, पण रंग उडवायची स्प्रे गन कोणती ते कुठेच लिहिलेलं नाही. राग मानू नका. चार वर्षांपूर्वी मीही नेमकं हेच केलं होतं आणि त्याची खूण आमच्या कपाटाच्या डाव्या दारावर अजून आहे.

झालं असं, की कपाट खालून गंजायला लागलं होतं. ब्रश मारला तर रेघा राहणार, म्हणून स्प्रे करायचं ठरलं. गन आधी घेतली, कारण ती स्वस्तात मिळाली. एचव्हीएलपी (हाय व्हॉल्यूम, लो प्रेशर) जातीची, १.४ मिमीचं नोझल, वर ६०० मिलीचा कप. हातात घेतली की जन्मभर आपण हेच काम करत आलोय असं वाटावं, इतकी देखणी. मग कॉम्प्रेसर घेतला, १ एचपी, २४ लिटर, ऑइल-फ्री. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘८ बार’, म्हणजे हवेचा दाब. गनला लागतात जेमतेम २ बार, आपल्याकडे चौपट आहेत, मग अडचण काय, असा माझा हिशोब.

दाजी त्या दिवशी घरीच होते. दाजींनी उमेदीची काही वर्षं गॅरेजात काढली आहेत, त्यामुळे यंत्राच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा असतो. खोक्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ही टाकी? हिच्यात काय होणार? पन्नासची घ्यायची होतीस."

मी म्हटलं, "दाजी, टाकी काय बघताय, प्रेशर बघा ना."

दोघंही चुकलो होतो. मला ते महिन्याभरात कळलं. दाजींना अजून कळायचं आहे.

कपाट घासलं, गंज काढला, खड्ड्यांत लांबी भरली, रेड ऑक्साइडचा हात मारून पुन्हा पॉलिश पेपर फिरवला. एवढ्यात दोन सुट्ट्या गेल्या. रंग थिनर घालून पातळ केला, गाळून कपात ओतला आणि डाव्या दाराला वरून सुरुवात केली. पहिले चार-पाच पट्टे असे बसले, की मी घरातल्यांना हाक मारून दाखवले. ओला, सपाट, चकचकीत रंग. दाराचा तिसरा हिस्सा होतो न होतो तोच गनचा आवाज बदलला. इतका वेळ जो ‘स्स्स’ एकसारखा होता तो दमेकऱ्यासारखा झाला. फवाऱ्याचा पंखा आक्रसला, थेंब जाड पडायला लागले. मागे कॉम्प्रेसर घरघरत होता, काटा २ च्या आसपास. मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो, कारण दारात दाजी हाताची घडी घालून उभे होते.

शेवटी थांबावंच लागलं. टाकी भरायला जवळजवळ दोन मिनिटं, तोवर दारावरची रंगाची कड सुकून गेलेली. पुन्हा अर्धा मिनिट काम, पुन्हा दोन मिनिटं थांबा. पाचव्या-सहाव्या खेपेला पंपाच्या डोक्याला हात लावला तर चटका बसला. मग तो एकदम गप्प झाला, जास्त तापलं की मोटर बंद करणारा थर्मल स्विच पडला होता. अर्ध्या तासाने पुन्हा चालू केला, ट्रिगर दाबला आणि गनमधून आधी पाण्याचा टपोरा थेंब आला. ताज्या रंगात वाटाण्याएवढा खळगा.

दाजी एवढंच म्हणाले, "पन्नासची."

आता मुद्द्याचं. गनला किती दाबाची हवा लागते, हा प्रश्न दुय्यम आहे. दर मिनिटाला किती हवा लागते, हा खरा प्रश्न. तो आकडा सीएफएममध्ये देतात, १ सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २८ लिटर हवा. एचव्हीएलपी या नावातच सगळं आहे, हवा भरपूर आणि दाब कमी. माझ्या गनच्या कागदावर १० सीएफएम लिहिलेलं होतं, म्हणजे मिनिटाला २८३ लिटर. तो कागद मी कपाट बिघडल्यावर वाचला.

आणि पंप देत किती होता? खोक्यावर १३० लिटर प्रति मिनिट होतं, पण तो डिस्प्लेसमेंटचा आकडा, म्हणजे पिस्टन हलून जागा किती होते त्याचा. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, जिला एफएडी म्हणतात, ती बरीच कमी असते. ती घरच्या घरी मोजता येते. टाकीतला काटा १ बारवर असताना घड्याळ लावायचं, ८ वर गेला की थांबवायचं. टाकीचे लिटर गुणिले चढलेले बार, भागिले लागलेली मिनिटं. माझं २४ गुणिले ७ म्हणजे १६८ लिटर, लागले १३० सेकंद. मिनिटाला ७८ लिटर भरले. पावणेतीन सीएफएम! गनची भूक दहाची आणि ताटात पावणेतीन.

पुढच्या सुट्टीला दाजी मित्राकडून ५० लिटरचा कॉम्प्रेसर घेऊन आले. पंप तसाच, १ एचपीचा. गनमध्ये नुसतं पाणी भरून जुन्या पत्र्यावर दोन्ही चालवून बघितले. माझा ३५ सेकंद टिकला, त्यांचा ७०. दाजींनी टाळी वाजवली. "बघ, दुप्पट चालला!" मी म्हटलं, "आणि भरायला चार मिनिटं घेतली, तेही दुप्पट." त्यावर ते म्हणाले की मला नेहमी शेवटचं बोलायचं असतं. असेल. पण टाकी हवा तयार करत नाही हो, नुसती साठवते. पाठीमागे पंप तोच असेल, तर मोठी टाकी म्हणजे मोठा श्वास आणि मोठी विश्रांती, बाकी काही नाही.

दाजींचा गैरसमज कुठून आला हेही मला नंतर सुचलं. गॅरेजातल्या मोठ्या टाकीच्या डोक्यावर पंपही मोठा असतो. तिथे हवा कधी कमी पडत नाही आणि श्रेय जातं टाकीला, कारण डोळ्यात भरते ती टाकी. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विषय बदलला.

मग मी काय केलं? कॉम्प्रेसर तोच ठेवला, गन बदलली. ०.८ नोझलची छोटी टच-अप गन घेतली, १२५ मिलीच्या कपाची, जिला साडेतीन सीएफएम पुरतात, म्हणजे मिनिटाला १०० लिटरच्या आत-बाहेर. आता टाकी रिकामी होते ती फक्त २२ लिटरच्या तुटीने. कागदावर हिशोब केला तर ट्रिगर सलग दाबून धरला तरी चार-पाच मिनिटं निघतात. आणि सलग कोण दाबतं? प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी सोडावा लागतोच. उजवं दार या गनने केलं. वेळ जास्त लागला, पंखा अरुंद म्हणून पट्टे जास्त पडले, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवावा लागला, पण दार आरशासारखं झालं.

तेव्हा तुमचं उत्तर: आधी गन ठरवा. कागदावर हवेचा आकडा बघा, त्यापेक्षा थोडी जास्त एफएडी देणारा पंप घ्या, मग उरलेल्या पैशात टाकी येईल ती. खुर्च्या आणि टेबलाला टच-अप गन किंवा तीन-चार सीएफएमवाली एलव्हीएलपी (हवाही कमी, दाबही कमी) घ्या, १ एचपी आणि २४ लिटर पुरेल. १० सीएफएमचीच गन हवी असेल तर १ एचपीवर ५० लिटर काय, १०० लिटर लावले तरी रडायची पाळी येईल. विक्रेता एफएडीचा आकडा सांगत नसेल, नुसतं ‘पॉवरफुल मोटर’ म्हणत असेल, तर तिथून उठा. मोटरच्या पाटीवरचे वॉटही बघून घ्या, १ एचपी म्हणजे ७४६ वॉट. बऱ्याच स्वस्त यंत्रांवर एचपी एक सांगतो आणि वॉट दुसरंच.

टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप चालेल का, हेही कुणीतरी विचारणारच. नाही. त्यावर दीडशे पीएसआय दाब लिहिलेला असतो ते खरं, पण हवा धाग्याएवढी.

दाब सेट करताना ट्रिगर दाबून धरा आणि मग रेग्युलेटर फिरवा. बंद गनवर दाखवलेला आकडा खोटा असतो, हवा सुरू झाली की तो खाली येतो. दार खडबडीत, संत्र्याच्या सालीसारखं झालं तर बहुतेक वेळा दाब कमी पडलाय किंवा रंग जाड आहे. थिनर ओतत सुटण्याआधी काटा बघा.

पाण्याचं सांगायचं राहिलं. हवा दाबली की तापते, टाकीत निवली की तिच्यातला दमटपणा पाणी होऊन बसतो. पंप जितका सलग चालेल तितकी हवा गरम आणि तितकं पाणी गनपर्यंत. माझ्या दारावरचा खळगा त्यातलाच. हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप घ्याच, पण तो कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावू नका, तिथे हवा अजून गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात सरळ निघून जातं. मध्ये लांब होज (हवेची नळी) टाकून गनच्या बाजूला लावा. काम संपलं की टाकीच्या खालची चावी उघडून पाणी काढा. माझ्याकडून एकदा महिनाभर राहिलं, तर गंजाचं तांबडं पाणी निघालं. वापरलेला कॉम्प्रेसर घेणार असाल तर आधी हीच चावी उघडून बघा. आतून गंजलेली टाकी फुटते, तिथे घासाघीस करू नका.

ऑइल-फ्री की ऑइलवाला? रंगासाठी मी ऑइल-फ्री म्हणेन, कारण तेलाचा अंश हवेतून आला की रंगात फिशआय म्हणजे गोल गोल खळगे पडतात आणि ते पुन्हा घासल्याशिवाय जात नाहीत. पण स्वस्तातला ऑइल-फ्री कान फोडतो. साधारण २८०० आरपीएमवाला घेण्यापेक्षा १४०० वाला मिळाला तर बरा, तो बराच शांत असतो. ऑइलवाला जास्त वर्षं टिकतो हेही खरं, दाजी हे म्हणाले होते आणि इथे त्यांचं बरोबर आहे.

आणखी एका बाबतीतही त्यांचं बरोबर आहे, लिहितोच. पंप चांगला असेल आणि काम तुकड्या-तुकड्याने असेल, तर मोठ्या टाकीमुळे पंप कमी वेळा चालू-बंद होतो, निवायला वेळ मिळतो, पाणीही कमी येतं. एका खुर्चीवर रंगाचा एक हात ७० सेकंदांत होऊन जातो. म्हणजे तुमच्या खुर्च्यांपुरतं ५० लिटर घेतलेत तर ते वाया जाणार नाहीत. हे दाजींना दाखवू नका.

कॉम्प्रेसर लांब ठेवायचा असेल तर वायर लांबवू नका, होज लांबवा. बारीक एक्स्टेन्शनवर मोटर चालू होतानाच गुरगुरते आणि कॅपॅसिटर जातो. यंत्र फवाऱ्यापासून दूरच हवं, थिनरची वाफ पेट घेते आणि प्रेशर स्विचमध्ये ठिणगी पडते. खिडक्या उघड्या ठेवा. कापडी मास्कने थिनर अडत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. आणि हार्डनर घालायचा टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी मारायचा विचार असेल तर तो सोडून द्या. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडतो, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. बजेट कमी म्हणताय ना, मग टाकीचे जास्तीचे पैसे मास्कवर घाला.

आणि फक्त दोन खुर्च्याच असतील तर कॉम्प्रेसर घेऊच नका, स्प्रे कॅनने होईल.

डावं दार पुन्हा घासून करायचं म्हणून चार वर्षं झाली. मधोमध तो निस्तेज पट्टा आणि खाली खळगा, तसेच आहेत. दाजी आले की त्यावरून बोट फिरवतात आणि माझ्याकडे बघतात. मी उजवं दार उघडून त्यांच्यासमोर धरतो.

गन कोणती घेताय ते लिहा, मग लिटरचं बघू.