नोशन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमधल्या डेटाबेसवरून महिन्यावारी विक्रीचा चार्ट कसा काढायचा? फुकटच्या खात्यात जमतं का, आणि दोन वर्षांची तुलना होते का?

जमतं. फुकटच्या खात्यात एकच चार्ट मिळतो, तेवढा पुरतो. डेटाबेसला नवा व्ह्यू जोडा, प्रकार चार्ट निवडा, एक्स अ‍ॅक्सिसवर तारीख टाकून ती महिन्यावर लावा आणि वाय अ‍ॅक्सिसवर काउंटच्या जागी रकमेची सम, म्हणजे बेरीज, घ्या. भावाच्या रकान्यात "1850 रु." असं लिहिलं असेल तर तो मजकूर झाला, त्याची बेरीज होणार नाही. रकाना नंबरचाच हवा.

वाय अ‍ॅक्सिसवर भावाची अ‍ॅव्हरेज मात्र लावू नका. त्या अ‍ॅव्हरेजवरून आमच्या घरात भाऊबीजेच्या ताटावर वाद झालाय, म्हणून तर लिहायला बसलो.

आम्ही निफाड तालुक्यातले, कांदा दोन्हीकडे, आमच्याकडे आणि दाजींकडे. नोशनमध्ये चार्ट आले ऑगस्ट 2024 मध्ये. त्या दिवाळीला दाजींनी मोबाइल काढला आणि 2023 च्या उन्हाळ कांद्याचा रंगीत चार्ट आबांपुढे धरला. दाजींचा सरासरी भाव क्विंटलला 1600 रुपये, आबांचा 820. "आबा, तुम्ही मे महिन्यातच सगळा माल घालवला. कांदाचाळीत ठेवायला दम लागतो." आबा काही बोलले नाहीत. जावयाला काय बोलणार? त्यांना तेव्हा सोयाबीनचं बी, खत आणि सोसायटीचा हप्ता एकदमच उभा होता, ते दाजींनाही ठाऊक होतं.

त्याच डेटाबेसमधल्या दाजींच्या ओळी मी बघितल्या. मेमध्ये 60 क्विंटल 700 ने. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात एक पिकअप 12 क्विंटल 2000 ने आणि दुसरी 12 क्विंटल 2100 ने. नोशन तिन्ही भावांची बेरीज करून तीनने भागतं, आले 1600. त्याला 60 क्विंटलची ओळ आणि 12 क्विंटलची ओळ सारखीच. एकूण रक्कम 91,200 भागिले एकूण 84 क्विंटल केलं तर साधारण 1086 येतात.

आणि हेही पूर्ण खरं नाही. चाळीत भरला होता 40 क्विंटल, निघाला 24. बाकीचा सडला, कोंब आले, वजनात घटला. उकिरड्यावर गेलेल्या कांद्याची हिशोबपट्टी मिळत नाही, म्हणून त्याची ओळ डेटाबेसमध्ये नाही आणि चार्टमध्येही नाही. काढलेल्या 100 क्विंटलवर भागा, हातात 912 पडतात. आबांनी 100 च्या 100 क्विंटल 820 ने दिला. म्हणजे फरक 92 रुपयांचा, 780 चा नाही. त्या 92 तून चाळीची मजुरी आणि कांदा निवडणाऱ्या बायांचा रोज वजा करायचा राहिलाच. शिवाय दाजींचा माल 19 ऑगस्टच्या आधी गेला. त्या दिवशी 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, 8 डिसेंबरला तर निर्यातबंदीच आली आणि ती उठली 4 मे 2024 ला. याला दम म्हणायचं की नशीब, ते त्यांनी ठरवावं.

तर तुमच्यासाठी: रकाने ठेवा क्विंटल, भाव, रक्कम. रक्कम फॉर्म्युल्याने काढा, क्विंटल गुणिले भाव. हमाली-तोलाई कापून हातात आलेली रक्कम वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर चार्टमधला पैसा आणि खिशातला पैसा जुळणार नाही. चार्टवर क्विंटलची सम आणि रकमेची सम आलटून पालटून बघा. खरा सरासरी भाव हवा असेल तर दोन बेरजांचा भागाकार चार्टमध्ये होत नाही. रोलअपच्या, म्हणजे दुसऱ्या डेटाबेसमधले आकडे ओढून आणणाऱ्या रकान्याच्या, नादी लागू नका. महिन्यांचा वेगळा छोटा डेटाबेस करा, भागाकार मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून आकडा हाताने भरा आणि तुमचा एकुलता चार्ट त्यावर लावा. वर्षाला बारा ओळी तर आहेत. खराब मालाचा रकाना मात्र हवाच, आणि तो भरायला लाजू नका.

दोन वर्षांच्या तुलनेला वर्षाचा सिलेक्ट रकाना (ठरलेल्या पर्यायांतून निवडायचा) करून ग्रुप बायमध्ये टाका. पण तेव्हा एक्स अ‍ॅक्सिसवर तारीख ठेवली तर दोन्ही वर्षं एकापुढे एक येतात, एकावर एक नाही, म्हणून महिन्याचाही सिलेक्ट रकाना लागेल.

एक राहिलं. चाळ वाईट असं मी म्हणत नाहीये. दाजींना चार पैसे जास्तच मिळाले, आणि मार्केट चढत असेल तर ठेवावाच. तुमचा माल कांदा नसून दुसरा काही असेल, टिकणारा, तर घटीचा भाग सोडून द्या. फुकटच्या खात्याचे नियमही कंपन्या बदलत असतात, आधी बघून घ्या.